अर्धा किलोमीटर

शोकांतिकेवर तासभर व्याख्यान देऊन घरीं निघालेल्या प्राध्यापकाची त्याच रात्रीं त्याच विषयांत तोंडी परीक्षा झाली, असें एखाद्या होतकरू कथालेखकानें लिहिलें असतें, तर मीं त्याच्या हस्तलिखिताच्या समासांत 'योगायोग ओढूनताणून आणलेला दिसतो' असा शेरा मारला असता. तीस वर्षें मी दुसऱ्यांच्या लेखनावर असे शेरे मारीत आलों आहें. आयुष्य मात्र आपली वही कोणाकडे तपासावयास देत नाहीं.

गोष्ट गेल्या कार्तिकांतली. वद्य पक्ष संपत आला होता. सासवडच्या एका वाचनालयानें मला व्याख्यानास बोलाविलें होतें, आणि विषय मींच सुचविला होता : 'शोकांतिकेचा नायक आणि त्याची चूक'. मीं ॲरिस्टॉटलपासून आरंभ केला. नायकाच्या चुकीसाठीं त्यानें 'हमार्तिया' हा ग्रीक शब्द योजला आहे, आणि त्या शब्दाच्या मुळाशीं नेम चुकणें, बाण लक्ष्यावर न लागणें हा अर्थ आहे, हें मीं विस्तारानें सांगितलें. पाप निराळें आणि चूक निराळी, शोकांतिकेचा नायक दुष्ट नसतो, तो चुकतो, म्हणूनच आपल्याला त्याची कींव येते आणि त्याच्या जागीं आपण असतों तर, या विचारानें भीतिहि वाटते, वगैरे वगैरे. श्रोत्यांनीं टाळ्या वाजविल्या. चिटणिसांनीं शाल आणि श्रीफळ दिलें, आणि वाटेंत तहान लागली तर असूं द्या म्हणून पाण्याची एक बाटली मोटारींत ठेवली. साडेदहाच्या सुमारास आम्हीं सासवड सोडलें. मोटार मी चालवीत होतों. पत्नी शेजारीं बसली होती.

सासवडपासून दिवे घाटाच्या माथ्यापर्यंतचा रस्ता पठारावरून जातो. दोन्ही बाजूंस अंजिरांच्या आणि सीताफळांच्या बागा, मधून मधून मोकळीं शेतें. ज्येष्ठाच्या अखेरीस ज्ञानेश्वर महाराजांची पालखी हा घाट चढून याच रस्त्यानें सासवडला मुक्कामास येते, तेव्हां येथें पाऊल ठेवावयास जागा नसते. त्या रात्रीं रस्ता रिकामा होता. आकाशांत चंद्र नव्हता. समोर, घाटापलीकडे, पुण्याच्या दिव्यांचा तांबूस उजेड ढगांना लागलेला दिसत होता आणि व्याख्यान चांगलें झाल्याचें समाधान मनांत होतें. समाधान ही मोटार चालवितांना बाळगण्याची वस्तु नव्हे, असें आतां मला वाटतें.

दिव्यांच्या झोताच्या डाव्या कडेला दोन हिरवट ठिपके चमकले. ते हलले, झोतांत आले, आणि मोटारीच्या पुढच्या बाजूस एक आवाज झाला. तो मोठा नव्हता. भरलेली पोतडी कोणी ओट्यावर टाकावी तसा होता. मीं ब्रेक दाबला, गाडी किंचित् डगमगली, सावरली. आणि मग मीं ब्रेकवरचा पाय काढला. मी थांबलों नाहीं.

हें शेवटचें वाक्य लिहावयास मला चार महिने लागले आहेत. त्यापूर्वींचीं सारीं वाक्यें मीं अनेकांना अनेकदां सांगितलीं आहेत.

मी पुढें अर्धा किलोमीटर गेलों असेन. त्या अर्ध्या किलोमीटरांत माझ्या सुशिक्षित मनानें जें काम केलें, तें पाहून मला स्वतःचेंच नवल वाटतें. तो दगड असेल. पोतें असेल. जनावर असलेंच तर तें निसटून पलीकडे गेलें असेल. मेलें असेल तर आतां थांबून उपयोग काय? नसेल मेलें तर आपण काय वैद्य आहोंत? रात्रीची वेळ, अनोळखी मुलूख, बरोबर बायकोमाणूस; अशा ठिकाणीं थांबणाऱ्यांना लुटल्याच्या बातम्या आपण वाचतोंच. शिवाय मागून भरधाव येणारा मालमोटारवाला आपल्यालाच धडकला तर? यांतील एकहि कारण खोटें नव्हतें. तीच त्यांची खरी लबाडी. अडाणी माणसाला पळून जावयाचें असलें तर तो नुसता पळतो. शिकलेला माणूस कारणें घेऊन पळतो, आणि त्यामुळें आपण पळत आहोंत हें त्याच्या ध्यानांतच येत नाहीं.

"अहो, तें जिवंत होतें," पत्नी म्हणाली.

"दगड असेल," मी म्हणालों.

ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "दगडाचे डोळे चमकत नाहींत."

मीं मोटार वळविली.

तें कुत्रें होतें. पांढरें, एक कान काळा, अंगानें चांगलें दांडगें. रस्त्याच्या कडेला धुळींत आडवें पडलें होतें आणि त्याची बरगडी वरखालीं होत होती. गळ्यांत काळ्या दोऱ्यांत ओंवलेल्या चार कवड्या होत्या. म्हणजे तें कोणाचें तरी होतें. मला आठवतें, कवड्या पाहून माझ्या पोटांत जें धस्स झालें, तें कुत्र्याची बरगडी पाहून झालें नव्हतें.

शेतांतून बॅटरीचा उजेड हालत हालत येत होता. तेव्हां कोठें माझ्या लक्षांत आलें कीं शेजारच्या रानांत धनगरांचा वाडा उतरला आहे. जाळ्यांच्या कुंपणांत मेंढरें बसलीं होतीं, बाजूस दोन घोडीं बांधलेलीं होतीं, चुलीची राख अजून तांबडी होती. पावसाळा सरला कीं हे लोक पठारावरून पश्चिमेकडे निघतात. वाटेंत शेतकरी त्यांना आपल्या रानांत बसवून घेतात, मेंढरांचें खत जमिनीला मिळतें आणि धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. अशा वाड्यांवरून मी शेंकडों वेळां मोटारींतून गेलों होतों. तेथें उतरण्याचा प्रसंग मात्र पहिलाच.

एक म्हातारा पुढें आला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, हातांत काठी. त्याच्या मागें दहाबारा वर्षांचा एक मुलगा होता. म्हातारा कुत्र्याजवळ उकिडवा बसला आणि त्यानें त्याच्या पोटावर हात ठेवला.

"मामा, माझ्या गाडीखालीं आलें," मी म्हणालों.

"व्हय, दिसतंय की," तो म्हणाला.

त्याच्या आवाजांत राग नव्हता. परंतु माझेंच वाक्य मला कानांत रुतल्यासारखें झालें. 'गाडीखालीं आलें.' या वाक्याचा कर्ता कोण? कुत्रें. तें आलें. गाडी आपली तेथें होतीच, आणि चालविणारा तर वाक्यांत कोठेंच नाहीं! आपल्या भाषेनें अशा प्रसंगांसाठीं किती सोयी करून ठेविल्या आहेत. 'अपघात झाला', 'धक्का लागला', 'हातून घडलें' – या शेवटच्यांत तर सारा दोष हाताकडे जातो आणि आपण हाताचे केवळ शेजारी ठरतों. मीं पुन्हां प्रयत्न केला. "मामा, मीं मारलें. मला दिसलें, पण उशिरा दिसलें. आणि मी पुढें गेलों होतों. आतां परत आलों." एवढीं चार वाक्यें मराठींत बोलावयास मला फार श्रम पडले.

म्हाताऱ्यानें मान हलविली. "पानी हाय का?" त्यानें विचारलें.

पत्नीनें मोटारींतून ती बाटली आणली. त्यानें ओंजळ धरली, तिनें पाणी ओतलें. कुत्र्यानें जीभ लावली. एकदां, दोनदां. मग जीभ तशीच राहिली आणि बरगडी थांबली. मुलानें पुढें होऊन त्याच्या गळ्यांतील कवड्यांचा दोरा सोडविला व मुठींत धरून तो उभा राहिला. तो शेवटपर्यंत एक अक्षरहि बोलला नाहीं.

मीं पाकीट काढलें. याहून निराळें काय करावें हें मला सुचलें नाहीं. म्हाताऱ्यानें नोटांकडे पाहिलें. "पैसं ऱ्हाऊ द्या, सायेब. पैसं काय रातभर जागं ऱ्हात्यात व्हय?" मग काठी रस्त्याच्या पलीकडे करून म्हणाला, "तिकडच्या अंगानं लांडगं येत्यात. ह्ये दर राती रस्ता वलांडून एक फेरी मारून यायचं. आता आमालाच जागाया पायजे." थोडा वेळ थांबून त्यानें पत्नीला सांगितलें, "बाई, एखादं पिल्लू घावलं तर बघा. आमी हितं अजून पंधरा दिस हाय."

"आठ दिवसांत घेऊन येतों," मी म्हणालों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मोटार मींच धुतली. नंबराची पाटी वांकली होती आणि तिच्या फटींत पांढऱ्या केंसांचा एक झुबका अडकला होता. वकिली करणारे आमचे एक शेजारी फिरून येत होते. त्यांना मीं हकीकत सांगितली, अर्थात् अर्धा किलोमीटर वगळून. ते म्हणाले, "तुम्ही निर्धास्त असा. कायद्यानें यांत कांहीं होत नाहीं." आणि त्यांनीं मला एक निकाल सांगितला. २०२० सालीं मुंबईंत, घरोघर जेवण पोंचविण्याचें काम करणाऱ्या एका तरुण विद्यार्थ्याच्या दुचाकीची धडक बसून, रस्ता ओलांडणारें एक कुत्रें मेलें. भरधाव वाहन चालवून माणसाचा जीव धोक्यांत घालण्याबद्दलचीं कलमें लावून पोलिसांनीं त्याच्यावर गुन्हा नोंदविला. डिसेंबर २०२२ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तो गुन्हा रद्द केला. पाळणाऱ्यांची कुत्र्यामांजरांवर पोटच्या पोरासारखी माया असली तरी तीं माणसें नव्हेत, सबब माणसांसाठींचीं कलमें तेथें लागत नाहींत. आणि जनावर मारण्याचा उद्देशच नव्हता, म्हणून तेंहि कलम लागत नाहीं. उलट सरकारनेंच त्या तरुणास २०,००० रुपये द्यावे, असा हुकूम झाला.

निकाल मला पटला. पोटासाठीं रात्रीअपरात्रीं धांवणाऱ्या त्या मुलाला कुत्रें आडवें आलें म्हणून तुरुंगाची भीति दाखविणें हा न्याय खचित नव्हे. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आंकडे बदलले, तरी उद्देश नसलेल्या अपघाताला जनावर मारण्याचा गुन्हा म्हणतां येत नाहीं हें तत्त्व तसेंच आहे. मीं समाधानानें मान डोलाविली, आणि पाटीच्या फटींतला झुबका काढूं लागलों. तो निघेना. कायद्यानें मला जें विचारलें नव्हतें, तें त्या फटींत तसेंच अडकून राहिलें होतें.

इंग्रजांचा कायदा या बाबतींत जरा निराळा आहे. त्यांच्या १९८८ च्या रस्ता-वाहतूक कायद्याप्रमाणें मोटारीनें जनावर जखमी झाल्यास चालकानें थांबलेंच पाहिजे, आणि विचारणाऱ्याला आपलें नांव व पत्ता दिला पाहिजे; तसें न घडल्यास पोलिसांना कळविलें पाहिजे. परंतु जनावर म्हणजे कोणतें, याची त्यांनीं यादी करून ठेविली आहे : घोडा, गायबैल, गाढव, खेंचर, मेंढी, डुक्कर, बकरें आणि कुत्रें. मांजराचें नांव यादींत नाहीं. धन्याला जें जनावर उपयोगी, त्याच्यासाठीं थांबावयाचें. जें आपल्या मर्जीनें हिंडतें त्याच्यासाठीं थांबण्याची सक्ति नाहीं. गंमत अशी, कीं रात्रीं रस्त्याची आंखणी दाखविणारे जे चमकते खडे आपण सडकेंत बसवितों, ते पर्सी शॉ नांवाच्या एका इंग्रजानें यॉर्कशायरमध्यें १९३४ सालीं काढले, आणि त्यांना नांव दिलें 'मांजराचे डोळे'! मांजराच्या व कुत्र्याच्या डोळ्यांत पडद्यामागें एक चकचकीत थर असतो. आंत आलेला उजेड तो परत फेंकतो आणि म्हणून त्यांना अंधारांत आपल्याहून चांगलें दिसतें. रात्रीं सुखरूप घरीं जाण्याची युक्ति माणूस जनावराच्या डोळ्यांवरून शिकला. त्या डोळ्यांच्या धन्यासाठीं थांबावें कीं नाहीं, याची मात्र यादी करावी लागली.

पण इंग्रजांना हंसण्याचें कारण नाहीं. मला त्या दिवसांत वारंवार दशरथाची आठवण होत असे, आणि त्या गोष्टीकडे मीं आजवर किती आंधळेपणानें पाहिलें होतें हें जाणवूं लागलें होतें. मृत्यूच्या रात्रीं दशरथ कौसल्येला आपल्या तरुणपणींची ती हकीकत सांगतो. शरयूच्या कांठीं अंधारांत त्याला पाण्याचा आवाज ऐकूं आला. हत्ती पाणी पीत आहे असें समजून त्यानें आवाजाच्या रोखानें बाण सोडला. आणि तो घडा भरणाऱ्या मुलाला लागला. व्याख्यानांत मीं याचें उदाहरण दिलें होतें. परंतु 'हमार्तिया' म्हणजे नेम चुकणें असें म्हटलें, तर दशरथाचा नेम कोठें चुकला होता? बाण जेथें मारावयाचा तेथेंच तो अचूक लागला. चुकली ती ओळख. आणि याहून अवघड गोष्ट अशी, कीं तेथें खरोखरीचा हत्ती असता, तर दशरथ संतोषानें अयोध्येस परतला असता आणि आपल्याला हें आख्यानच मिळालें नसतें! हत्तीच्या रडण्याची शोकांतिका होत नाहीं. आपल्या करुणेलाहि यादी आहे. फक्त ती आपण कोठें लिहून ठेविलेली नाहीं.

तरीहि दशरथाचें एक मोठेपण आहे, आणि तें ध्यानांत येण्यास मला दिवे घाटाच्या माथ्यावर जावें लागलें. आवाज ऐकल्याबरोबर तो त्या दिशेनें धांवत गेला. अंधार होता, साक्षीदार नव्हता, धनुर्धारी राजपुत्राला कोणी जाब विचारणार नव्हतें. तो गेला नसता तर शापहि मिळाला नसता. तो गेला, त्या मुलाच्या सांगण्यावरून घडा भरून घेऊन त्याच्या अंध मातापित्यांकडे गेला, आणि मी तुमचा पुत्र नव्हे, मी दशरथ, असें आपलें नांव आधीं सांगून मग त्यानें सारें निवेदन केलें. 'बाणाखालीं आला' असें तो म्हणाला नाहीं. बाण सोडणें ही चूक असेल, प्रमाद असेल. ती घडून गेली होती आणि तिच्यावर त्याची सत्ता उरली नव्हती. नदीपर्यंतचीं पावलें मात्र त्याच्या सत्तेंतलीं होतीं.

एकनाथांची गोष्ट तर आम्हीं शाळेच्या पुस्तकांत वाचलेली. काशीहून रामेश्वराला वाहावयाची गंगेची कावड त्यांनीं तहानेनें तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखांत ओतली. लहानपणीं मला त्यांत गंगाजलाचें अप्रूप वाटे. आतां वाटतें, पाणी कोणीहि देईल. अवघड आहे तें थांबणें. नाथांनीं त्या गाढवाला कांहीं केलें नव्हतें. त्यांना पुढें जावयाचें होतें, आणि पुढें जाण्याचें कारण माझ्या सर्व कारणांपेक्षां पवित्र होतें.

आमचा काळ आणि त्यांचा काळ यांत फरक आहे, असें कोणी म्हणेल. आणि तें खरें आहे. ताशीं साठ किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत जवळजवळ सतरा मीटर जाते. डोळ्यांना दिसलेलें पायापर्यंत पोंचून ब्रेक दाबला जाईपर्यंत सावध चालकाचाहि सुमारें एक सेकंद जातो. पुढें गाडी उभी राहीपर्यंत आणखी जमीन सरते ती निराळीच. म्हणजे मला ते दोन ठिपके दिसले तेव्हांच सर्व निकालांत निघालें होतें. गाड्याखालून चालणारें आणि गाडा आपणच ओढतों असें समजणारें कुत्रें आपल्याकडे थट्टेचा विषय झालें आहे. परंतु त्याची थट्टा करणाऱ्या पिढ्यांच्या गाड्याचा वेग असा होता, कीं कुत्र्याला त्याच्या सावलींतून सुखरूप चालतां येत होतें. आमच्या गाड्याला सावलीच उरली नाहीं. २०१७ च्या डिसेंबरांत नागपूर-अमरावती रस्त्यावर बाजारगांवजवळ 'बाजीराव' नांवानें प्रसिद्ध असलेला वाघ मोटारीच्या धडकेनें मेला, तेव्हां वर्तमानपत्रांनीं हळहळ व्यक्त केली. पेंचच्या जंगलांतून जाणाऱ्या महामार्गाखालीं जनावरांना येण्याजाण्यासाठीं महाराष्ट्राच्या हद्दींत लहानमोठीं नऊ बांधकामें झालीं आणि त्यांखालून वाघ जातांनाचीं छायाचित्रें टिपलीं गेलीं. ही उत्तम गोष्ट आहे, आणि तशी व्यवस्था अन्य ठिकाणींहि व्हावी. परंतु सगळ्या सडकांखालून कुत्र्यांसाठीं वाटा निघणार नाहींत, आणि वेगहि कमी होणार नाहीं. तेव्हां मोटारीच्या युगांतील माणसाचा धर्म धडक टाळण्यापुरताच मानला, तर कित्येकदां तो पाळणें त्याच्या हातीं नसतें. धडकेनंतरचा भाग मात्र दशरथाच्या काळीं होता तेवढाच आजहि आपल्या हातांत आहे. तेथें सेकंदाला सतरा मीटर हा हिशेब चालत नाहीं.

हें सगळें मला त्या आठवड्यांत इतकें स्पष्ट कळलें होतें, कीं मीं त्यावर एक टांचणहि केलें होतें. वाचकांनीं क्षमा करावी. प्राध्यापकाला पश्चात्ताप झाला तरी तो आधीं टांचण करतो.

पिल्लू पांचव्याच दिवशीं ठरलें. एका विद्यार्थ्याच्या शेतावर कुत्रीला पिल्लें झालीं होतीं. त्यानें एक राखून ठेविलें. परंतु त्या आठवड्यांत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले. पुढच्या आठवड्यांत एक परिसंवाद होता. त्यानंतरच्या रविवारीं घरीं पाहुणे होते. 'पंधरा दिवस आहेत म्हणाला होता, म्हणजे वीस असतील,' असें मी मनाशीं म्हणालों. पत्नीनें दोनदां आठवण केली. तिसऱ्यांदां तिनें आठवण केली नाहीं, आणि त्या न बोलण्याचा अर्थ मला कळला. तेविसाव्या दिवशीं आम्ही पिल्लू घेऊन निघालों. तें पत्नीच्या मांडीवर टॉवेलांत गुंडाळलेलें होतें आणि साऱ्या घाटभर कुंईकुंई करीत होतें.

रान मोकळें होतें. मेंढरें बसलेल्या जागेवर काळपट लेंड्यांचा एक मोठा चौकोन होता. चुलीचे तीन दगड होते. रस्त्याच्या कडेला एका ठिकाणीं माती उकरलेली होती आणि तिच्यावर दगड रचले होते. शेताचा मालक बांधावर होता. त्यानें सांगितलें :

"ते व्हय? गेले की. धा-बारा दिस झाले. कुत्रं मेल्यावर चौथ्या राती लांडग्यानं कोकरू उचललं. म्हातारा म्हनला, आता हितं ऱ्हात न्हाई. त्यो वाट बघत हुता कुनाची तरी, आठ दिस. मग मुक्काम हालवला. कोकणात उतरले आसतील."

परततांना मीं पत्नीला म्हटलें, "दोन महिन्यांचें पिल्लू आपण आठव्या दिवशीं आणलें असतें, तरी त्यानें लांडग्याला काय अडविलें असतें? आणि लांडगा तर चौथ्याच रात्रीं आला." ती कांहीं बोलली नाहीं. मी जें बोललों त्यांत एकहि चूक नव्हती. मग मला तें ओळखूं आलें. हाच तो अर्धा किलोमीटर. त्या रात्रीं तो मला एका मिनिटाच्या आंत संपवितां आला, कारण शेजारीं बसलेल्या माणसानें दगडाचे डोळे चमकत नाहींत असें सांगितलें. दुसऱ्या वेळीं मला तेवीस दिवस लागले, आणि मी वळून पोंचलों तेव्हां तेथें कोणी नव्हतें. पहिल्या वेळीं मीं एका कुत्र्याला मारलें. तें मला टाळतां येण्यासारखें नव्हतें. दुसऱ्या वेळीं मीं एका म्हाताऱ्याला आठ दिवस रस्त्याकडे डोळे लावून बसविलें. त्याला कोणत्याहि भाषेंत 'हमार्तिया' म्हणतां येणार नाहीं.

पिल्लू घरीं परत आलें. तें आतां पांचसहा महिन्यांचें आहे. कान उभे राहूं लागले आहेत आणि रात्रीं गल्लींतून मोटार गेली कीं तें तिच्या मागें जावयास धडपडतें. त्याला आंवरतांना माझी तारांबळ उडते. आल्यागेल्यांना त्याला नांव नाहीं याचें नवल वाटतें. पत्नीचें म्हणणें, तें आपलें नव्हे, ठेव आहे. ज्याचें आहे तो नांव ठेवील. शेताच्या मालकानें सांगितलें आहे, कीं पावसापूर्वीं ज्येष्ठांत मेंढरें याच वाटेनें माघारीं येतात. गाद्यागिरद्यांवर वाढलेल्या पुणेरी कुत्र्याला पाहून म्हातारा बहुधा हंसेल, आणि हें लांडगं काय हाकलणार म्हणून परतहि देईल. देवो. त्याचा नंबर किंवा नांवगांव त्या रात्रीं मीं विचारून घेतलें नाहीं. तेव्हां ज्येष्ठ लागला कीं रोज संध्याकाळीं दिवे घाटाच्या माथ्यावर जाऊन उभें राहणें, एवढाच उपाय आहे.

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ज्येष्ठांतहि येतात. या वर्षीं ते थांबतील.